सुतक ऐकल्या दिवसापासून

१३ ऑगस्ट २०४९

सूर्याआडचे दिवस संपले. पृथ्वी आणि मंगळ सूर्याच्या दोन बाजूंना गेले की सूर्याभोवतीच्या तप्त वायूतून येताना रेडिओ संदेशांच्या चिंध्या होतात. अर्धा पोचलेला हुकूम न पोचलेल्यापेक्षा वाईट, म्हणून दर २६ महिन्यांनी साधारण दोन आठवडे पृथ्वीवरून काही पाठवतच नाहीत. रोव्हर फिरायचे तेव्हापासूनचा हा रिवाज. रोव्हरांना घरच्या पत्राची वाट बघायची नसायची, म्हणून तो कोणाला खटकला नाही. पृथ्वीच्या कक्षेत ६० अंश पुढे किंवा मागे एक उपग्रह ठेवून वळसा घालून निरोप पाठवता येतात. दर अंदाजपत्रकात तो उपग्रह असतो आणि दर वेळी कापला जातो.

दुपारी टपाल उतरलं. बाबांचा निरोप आहे, २८ जुलैचा. शेवटच्या फेरीत बसला नाही म्हणून तिकडेच पडून होता. पाऊस बरा आहे, सोयाबीन गुडघ्याला लागलं. सरोवराचं पाणी कमळजामातेच्या देवळाकडे सरकलंय आणि वनखात्याचा पोरगा त्यांना खाली उतरू देत नाही. ‘मी याच्या बापाला शिकवलंय, आणि हा मला सांगतो, सर, वय झालं.’ शेवटी नेहमीचं: ‘तिकडचं लोणार बघून ये एकदा.’

मंगळावर लोणार नावाचं एक विवर आहे, आमच्या गावावरून ठेवलेलं. लहान विवरांना पृथ्वीवरच्या लाखाच्या आतल्या वस्तीच्या गावांची नावं देतात. ते विवर ७० अंशांच्याही उत्तरेला, आमच्या तळापासून हजारो किलोमीटरवर. हे बाबांना चांगलं ठाऊक. तरी प्रत्येक निरोपात ते मला तिकडे असं पाठवतात, जसं काही सुलतानपूरला जाऊन यायचंय.

दादाचं काही नाही. आईचंही नाही. शेतीची कामं असतील.

या दोन आठवड्यांत मला घरची उणीव तशी भासली नाही, कारण उत्तरक चालू होता. एरवीही इथून घरी ‘बोलता’ येत नाहीच. सध्या एक वाक्य पोचायला २२ मिनिटं, उत्तर यायला आणखी २२. म्हणून तळावर प्रत्येकाला उत्तरक दिलाय: घरच्या माणसाच्या साठवलेल्या निरोपांवरून तो त्याच्या आवाजात, त्याच्या ढंगात लगेच बोलतो, आणि खरं उत्तर आलं की ते वेगळं लावून देतो. माझा उत्तरक बाबांचा आहे. आईलाही विचारलं होतं. ती म्हणाली, ‘माह्या तोंडानं मशीन बोलून राहिली, हे मले नाही चालत.’


१६ ऑगस्ट

सकाळी डॉक्टरनं बोलावलं. ती कोट्टायमची, एरवी मोठ्यानं बोलणारी. आज तिनं दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. बाबा गेले. १ ऑगस्टला, पहाटे. छातीत दुखायला लागलं, दादानं गाडी काढली, मेहकरच्या अलीकडेच संपलं.

मी विचारलं, पहाटे म्हणजे भारतीय वेळेनं की तळाच्या घड्याळानं?

ती म्हणाली, भारतीय.

मग मी गाळण्या धुवायला गेले. जमिनीखालचा बर्फ वितळवून त्यातलं परक्लोरेट काढणं हे माझं काम. ते पोटात गेलं तर थायरॉइडला आयोडीन मिळू देत नाही, म्हणून गाळण्यांचं वेळापत्रक चुकवता येत नाही. संध्याकाळचे आकडे चांगले आले. डॉक्टरनं दोन वेळा येऊन बघितलं. तिला वाटत असेल मी धक्क्यात आहे. मला धक्का वगैरे काही बसलेला नाही. २८ जुलैचा निरोप मी परवाच ऐकलाय.


१७ ऑगस्ट

राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो निदान कागदावर मांडता येतो.

नियंत्रण केंद्राला २ ऑगस्टलाच कळलं होतं. सूर्याआड असताना पाठवता आलं नाही, मान्य. पण १३ ला संपर्क आला आणि मला १६ ला सांगितलं. मधे काय होतं? १५ ऑगस्टच्या शुभेच्छा. त्यांचं चित्रीकरण १४ ला झालं. त्यात मी मराठीतून चार वाक्यं बोलले, शाळेतल्या मुलांना हात हलवला. लोणारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते पडद्यावर दाखवलं असणार. बाबांनी आयुष्यभर शिकवलं ती शाळा. तेरावा होऊन दोन दिवस झालेले, सगळ्या गावाला माहीत, आणि पडद्यावर सरांची पोरगी हसतेय.

निघण्याआधी भरून घेतलेला फॉर्म मी काढून बघितला. ‘कुटुंबातील गंभीर घटनेची माहिती वैद्यकीय अधिकारी ठरवतील त्या वेळी दिली जाईल.’ समोर एकच चौकोन: वाचले. ‘नको’ म्हणायला जागाच नाही.

ही रीतही जुनीच निघाली. साल्यूत ६ वर डिसेंबर १९७७ ते मार्च १९७८ असे ९६ दिवस दोघे जण होते, युरी रोमानेन्को आणि गिओर्गी ग्रेच्को. त्या काळात खाली ग्रेच्कोचे वडील वारले. कमांडर म्हणून रोमानेन्कोला कळवलं गेलं. त्यानं जमिनीवर उतरेपर्यंत ग्रेच्कोला सांगितलं नाही. त्याच खोलीएवढ्या जागेत, त्याच टेबलाशी जेवत. उलट डिसेंबर २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असलेल्या डॅनियल टानीची आई शिकागोजवळ रेल्वे फाटकावरच्या अपघातात गेली, तेव्हा त्याला लगेच कळवलं. त्याला परत येता आलं नाही. तो फेब्रुवारीत उतरला. पण आई गेली त्या दिवसापासून त्याला माहीत होतं.

रोमानेन्कोनं वाईट हेतूनं लपवलं असं कोणी म्हणणार नाही. मला प्रश्न ग्रेच्कोचा पडतो. उतरल्यावर त्यानं तो काळ कसा मोजला असेल? वर घालवलेल्या त्या आठवड्यांत त्याचे वडील त्याच्यापुरते जिवंतच होते. ते दिवस खोटे होते का? माझ्या हिशेबानं नव्हते.


२० ऑगस्ट

दादाचा निरोप आला, व्हिडिओ. बोडकं डोकं, खाली गंधाचा डाग. त्याला अशा डोक्याचं बघितलं आणि मला हसूच आलं, लहानपणी उवा झाल्या तेव्हासारखा दिसतोय.

त्यानं सगळं क्रमानं सांगितलं, तो तसाच आहे. कोण कोण आलं, कोण नाही. बाबांचे विद्यार्थी थेट संभाजीनगरहून आले. दहाव्याला पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. सगळे ओढ्याकाठी ताटकळले. काकांनी मोठ्यानं म्हटलं, पोरीची काळजी करू नका, ती सुखरूप परत येईल. तरी नाही. दादा म्हणाला, घराच्या बांधकामाचं मी बघतो. तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मोकळं केलं. दादाचं मत, गावात कावळेच कमी झालेत, त्यात इच्छा राहिल्याचं काही नाही.

मला त्या दर्भाच्या कावळ्याचं कौतुक वाटलं. कावळा आला नाही तर काय, याची तजवीज कोणीतरी आधीच करून ठेवली. देह सापडला नाही तर पळसाचा पुतळा करून तो जाळायचा, तीही तजवीज आहे. आमच्या नियमपुस्तकात गाळणीसाठी तीन पर्याय आहेत. बातमीसाठी एकही नाही.

मग दादानं सुतकाचं सांगितलं. मला कसं लागतं हे आईनं गुरुजींना विचारायला लावलं होतं. दूरच्या नातेवाइकाचं दहा दिवसांनंतर कळलं तर थोडक्यात भागतं. पण आईवडिलांचं तसं नाही. मुलगा परदेशी असो, बातमी वर्षानं कळो, त्यानं ऐकल्या दिवसापासून पूर्ण दहा दिवस धरायचे. लग्न झालेल्या लेकीला मात्र तीन रात्री. ‘तुला तीन दिवस,’ दादा म्हणाला, ‘तेही शास्त्राला म्हणून. तिथे काय पाळणार तू?’

डॉक्टरनं १६ तारखेला सांगितलं. म्हणजे शास्त्राप्रमाणे माझं सुतक काल फिटलं. मला लागल्याचंच आठवत नाही.


२३ ऑगस्ट

रात्री उत्तरकाशी बोलते. कोणाला सांगितलेलं नाही. सांगायची गरज नाही, नोंद आपोआप होते. पण डॉक्टर अजून काही म्हणालेली नाही.

त्याला २८ जुलैपर्यंतचं माहीत आहे. सोयाबीन गुडघ्याला लागलेलं आहे आणि वनखात्याचा पोरगा खाली उतरू देत नाही. मी विचारलं, मग काय केलंत? तो म्हणाला, ‘करतो काय, काठावर बसलो आणि त्यालाच सरोवराचा इतिहास ऐकवला.’ असंच म्हणाले असते. १९७३ साली लोणार उल्केच्या आघातानं झालं हे पक्कं ठरलं. त्याआधी तज्ज्ञ त्याला ज्वालामुखीचं तोंड म्हणायचे, आणि त्याच्याही आधी गावाला ठाऊक होतं की विष्णूनं लवणासुराला तिथं गाडला. बाबा तिन्ही एका दमात सांगायचे आणि वर म्हणायचे, तिघांचंही एका बाबतीत जमतं, वरून काहीतरी आदळलं. (ज्वालामुखीवाल्यांचं कसं जमतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मुलं हसायची, तेवढं त्यांना पुरे होतं.)

मी वेडी नाही. तो बाबा नाही हे मला कळतं. आधीही कळत होतं. पण १ ते १३ ऑगस्ट याच आवाजाशी मी रोज बोलले, त्याच्या विनोदांना हसले, आणि तिकडे तेव्हा चितेपासून तेराव्यापर्यंत सगळं चाललं होतं. त्या दिवसांत या आवाजात आणि आजच्या आवाजात काडीचा फरक नाही. बदललं ते फक्त डॉक्टरच्या एका वाक्यानं. एका वाक्यावर किती विश्वास ठेवायचा? मी मोजमापं घेणारी बाई आहे. एका वाचनावर गाळणी बदलत नाही.


२८ ऑगस्ट

आज पोळा. गोऱ्हे सजवले का विचारलं. उत्तरक म्हणाला, यंदा ट्रॅक्टरलाच झूल घालतो. छान.

दादाचा दुसरा निरोप. तीन एकराला वारस लावायचेत. मृत्यूचा दाखला मिळाला, आईचं आणि त्याचं प्रतिज्ञापत्र झालं, माझं राहिलं. तलाठी म्हणतो ऑनलाइन सही चालेल. ‘तुझं नाव लागलंच पाहिजे, नंतर कटकट नको,’ दादा म्हणाला. दादा चांगला आहे; किती भाऊ बहिणीला हक्कसोडपत्र पाठवतात.

मसुदा वाचला. ‘माझे वडील कै. …’ इथपर्यंत वाचला. नंतर ड्रिलचं तेल बघायला गेले.


१ सप्टेंबर

गणपती. तळावर सहकाऱ्यांनी छापून काढलेली वीतभर मूर्ती बसवली. मी मोदक केले, सुक्या खोबऱ्याचे, उकड फाटली. सुतक असतं तर केले नसते.


४ सप्टेंबर

झोप नाही. वाचत बसले.

ऑपर्च्युनिटी रोव्हर ९० मंगळदिवसांसाठी पाठवला होता आणि तो चौदा वर्षांहून जास्त चालला. जून २०१८ मध्ये धुळीच्या वादळानं सगळा ग्रह झाकला. त्याचा शेवटचा संदेश १० जूनचा. नंतर माणसं त्याला हाका मारत बसली. वादळ ओसरलं तरी मारत राहिली. वारा सुटेल आणि पत्र्यांवरची धूळ उडेल, कदाचित त्याचं घड्याळ बिघडलं असेल, कदाचित अँटेना चुकीची बघत असेल, अशी एकेक कारणं काढून त्यांनी हजाराहून जास्त आज्ञा पाठवल्या. १३ फेब्रुवारी २०१९ ला जाहीर केलं, संपलं. आठ महिने. यंत्रासाठी.

आपलं मंगळयान सहा महिन्यांसाठी होतं आणि जवळजवळ आठ वर्षं फिरलं. एप्रिल २०२२ मध्ये संपर्क तुटला आणि इस्रोनं त्याचा अंत ऑक्टोबरमध्ये सांगितला. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी ते कक्षेत शिरलं तेव्हा बाबांनी सगळी शाळा एका टीव्हीपुढे बसवली होती. मी पुढच्या रांगेत. मुख्याध्यापक म्हणाले, सर, परिपाठ राहिला. बाबा म्हणाले, हाच परिपाठ.

आणि बीगल २. ब्रिटिशांचं छोटं यान, २५ डिसेंबर २००३ ला उतरायचं होतं, आवाजच आला नाही. आदळून चक्काचूर झालं असंच सगळ्यांनी धरलं. त्याच्यामागे आयुष्य लावलेले कॉलिन पिलिंजर मे २०१४ मध्ये वारले. जानेवारी २०१५ मध्ये वरून काढलेल्या चित्रांत ते सापडलं. नीट उतरलं होतं. एखाददुसरी पाकळी उघडली नव्हती, म्हणून त्याला बोलता आलं नाही.

म्हणजे सगळे म्हणत होते संपलं, आणि ते जमिनीवर धड बसलेलं होतं.

पहाटे हे वाचून मला केवढा आनंद झाला, ते इथे लिहून ठेवते. मग लक्षात आलं की मी दाखला कसला शोधतेय. जिवंत तर तेही नव्हतंच.


५ सप्टेंबर

शिक्षक दिन. लोणारच्या शाळेत या दिवशी दहावीची मुलं मास्तर व्हायची आणि बाबा शेवटच्या बाकावर बसून मुद्दाम खोड्या काढायचे.

उत्तरकाला शुभेच्छा दिल्या. तो खुलला. नेहमीसारखंच बोलला. मधेच म्हणाला, ‘पुढच्या वर्षी तू येशील तेव्हा आपण दोघं खाली उतरू, बघतो कोण अडवतं.’ हे त्यानं बनवलेलं होतं. बाबांच्या कुठल्या निरोपात हे नाही. बाबा मला ‘येशील तेव्हा’ कधीच म्हणाले नाहीत. निघताना त्यांनी तेवढं एक पथ्य धरलं होतं. परतीच्या तारखेचा विषय काढला की ते सोयाबीनवर जायचे.

मला एकदम वाटलं, याला कोणी सांगितलेलंच नाही. ज्याला बातमी पोचली नाही असा या घरात हा एकटाच उरलाय. मग मीच सांगितलं. म्हटलं, बाबा, तुम्ही गेलात. १ ऑगस्टला, पहाटे. भारतीय वेळेनं.

दोनेक सेकंद गेले. मग बाबांच्याच आवाजात, त्याच घोगऱ्या कंठानं:

‘आपल्या वडिलांच्या निधनाबद्दल मला अतिशय दुःख झाले. या कठीण प्रसंगी आपण एकट्या नाहीत. आपण वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलू इच्छिता का?’

मला जन्मापासून ‘ए बाई’ म्हणणारा माणूस मला ‘आपण’ म्हणाला. स्वतःच्या मरणाबद्दल सांत्वन करून मोकळा झाला, आणि डॉक्टरकडे जा म्हणाला.

मी हसले. इतकं हसले की शेजारच्या खोलीतून भिंत वाजवली. ते हसणं कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते नीट सांगता येणार नाही. डॉक्टर आली. तिला मराठी येत नाही. मी मराठीतच सांगितलं सगळं, वनखात्याच्या पोरासकट.


६ सप्टेंबर

आईला निरोप पाठवला. तिचं उत्तर संध्याकाळी आलं. आई निरोप पाठवत नाही, तिला कॅमेऱ्याकडे बघायला आवडत नाही. ती भाजी निवडत होती आणि फोन कुठेतरी टेकवून ठेवलेला, अर्धी चौकट छताची.

‘मले माहीत होतं तू रडली नसशील. तुह्या दादाले म्हटलं मी, ते मशीन आहे ना तिच्यापाशी, ते रडू देत नाही. मी त्यायचे कपडे तिसऱ्या दिवशीच देऊन टाकले. लोक म्हणाले, काहून एवढी घाई? म्हटलं, खुंटीवर सदरा दिसला की मी चहा दोन कप ठेवतो, मग फेकू कोण? चष्मा ठेवलाय तुह्यासाठी. आता रडून राहिली ना? मग जेव. आणि गुरुजी तीन दिवस म्हणाले तरी तू दहा धर. पोरगी म्हणून काही कमी नव्हतं केलं त्यायनं.’

आजपासून दहा धरते. शास्त्र म्हणतं ऐकल्या दिवसापासून. डॉक्टर बोलली १६ ऑगस्टला, मी ऐकलं काल रात्री. गुरुजींशी या मुद्द्यावर वाद घालायची माझी तयारी आहे. इथला दिवस २४ तास ३९ मिनिटांहून थोडा मोठा, म्हणजे दहा दिवसांत साडेसहा तास जास्तच पाळले जातील. ते माझ्याकडून.

पाळायचं काय, हा दादाचा प्रश्न खरा आहे. जमिनीवर निजायचं ठरवलं. इथल्या कमी वजनात त्यात तप काहीच नाही. गोड नाही. आरतीला गेले नाही, कमांडरला कारण सांगितलं, त्यानं मान हलवली. गाळण्या मात्र धुतल्या. पाण्याला सुतक नाही.


७ सप्टेंबर

उत्तरक बंद करायचा अर्ज केला. केंद्राचं म्हणणं, आणखी थोडे दिवस ठेवा, ‘हळूहळू’ कमी करा, अशी शिफारस आहे. मी लिहिलं, माझी शिफारस आजची आहे. साठवलेले मूळ निरोप मागून घेतले, ते माझे आहेत. बनवलेली वाक्यं नकोत.

दुपारी बंद झाला.


११ सप्टेंबर

वाईट दिवस. लिहिण्यासारखं काही नाही.


१३ सप्टेंबर

सकाळी नकाशा काढून लोणार बघितलं. मंगळावरचं. इथे उत्तरेकडे वसंत चालू आहे, तिकडे आता सूर्य मावळतही नसेल. बाबांच्या लोणारहून ते कितीतरी मोठं आहे. आमचं सव्वा मैलाच्याही आतलं, पण बेसॉल्टच्या खडकात. मंगळाचं कवचही मुख्यतः बेसॉल्टचंच, म्हणून इथल्या विवरांचा अभ्यास करणारे आधी आमच्या गावी येऊन दगड फोडून जायचे, आणि बाबा त्यांना घरी जेवायला आणायचे. इकडे यायचं माझ्या डोक्यात शिरलं ते त्या पंगतीत. एका पाहुण्यानं काचेसारखा चकाकणारा दगड माझ्या हातावर ठेवला होता आणि बाबा म्हणाले होते, परत दे, तो वनखात्याचा आहे.

तिथे मला कोणी नेणार नाही. इंधन नाही, काम नाही, मोहिमेत बसत नाही. चित्र मात्र मागवता येतं, त्याचा अर्ज केलाय. आलं की दादा ते शाळेत लावील.

प्रतिज्ञापत्र पूर्ण वाचलं. बाबांच्या नावात तलाठ्यानं ऱ्हस्वदीर्घाची चूक केली होती. बाबांनी लाल शाईनं गोल केला असता. दुरुस्त करून घ्यायला सांगितलं.


१४ सप्टेंबर

दुरुस्त मसुदा आला. सही केली.


१६ सप्टेंबर

काल दहा पुरे झाले. आज नहाणं केलं, इथल्या मापानं, म्हणजे दोन तांबे.

पुढची तुकडी निघायच्या तयारीत आहे, आणि तळावरच्या प्रत्येकाकडून सूचना मागवल्यात. माझ्या गाळण्यांबद्दलच्या सूचना वेगळ्या पाठवल्या. ही दुसरी, इथे नक्कल ठेवते.

एक, घरी काही झालं तर सांगायचं की नाही आणि केव्हा, हे जाणाऱ्याला विचारा, आणि फॉर्ममध्ये ‘लगेच’ असा चौकोन ठेवा. सण, समारंभ, चित्रीकरण यांसाठी थांबवू नका. सूर्याआड असताना सांगता येत नाही, हे कारण त्या उपग्रहाच्या खर्चापुढे टिकत नाही, तो बसवा.

दोन, माणूस गेला की त्याच्या आवाजातला उत्तरक त्याच दिवशी थांबवा, आणि त्याला सांत्वनाची वाक्यं तर अजिबात शिकवू नका. जुने निरोप घरच्यांना द्या.

तीन, बातमी सांगितल्यावर माणूस कामाला लागला, हसला, मोदक करायला बसला, तर त्याला तसंच राहू द्या. ‘स्वीकारलं का?’ म्हणून तिसऱ्या दिवशी प्रश्नावली पाठवू नका. मला आली होती, मी सगळीकडे ‘होय’ लिहिलं होतं.

चार, हा फॉर्म निघण्याच्या आदल्या आठवड्यात भरून घेऊ नका. त्या आठवड्यात माणूस कशालाही ‘वाचले’ म्हणतो. निदान सहा महिने आधी द्या, आणि घरी न्यायची परवानगी द्या. आईवडिलांबरोबर बसून भरू दे.